टाकीत आठ लिटर अल्कोहोल!

ताडोब्याच्या मोहर्ली गेटवर पहाटे ओपन जिप्सीत बसलात की नजर फक्त वाघ शोधते. या खेपेला जरा बॉनेटखाली डोकावूया. मारुतीने सामान्य ग्राहकांना जिप्सी विकणं २०१९मध्ये थांबवलं, पण जंगलात ती अजून पळतेय. इंजिन पेट्रोलचं, आणि नेहमीच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल. ऊस, मका, तांदळापासून काढलेलं चक्क अल्कोहोल!

घोळ असा, की इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. म्हणजे ॲव्हरेज घसरणार. जुन्या गाडीचे रबरी पाइप, सील त्याने खराब होऊ शकतात. वर ते ओलावाही शोषतं. पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर कोअरमधली सफारी बंद, गाड्या उभ्या. "टाकी अर्धी ठेवली त पाणी धरते जी, मंग सीझनले गाडी रडते," आमचे ड्रायव्हरभाऊ सांगत होते. पाइप बदलायचा खर्च त्यांच्याच खिशातून.

पुढे मूलमार्गे वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा. चंद्रपुरातली २०१५ची दारूबंदी २०२१मध्ये उठली. इथली मात्र १९९३पासून कायम आहे. बाटली नेलीत तर गुन्हा. पण ४० लिटरच्या टाकीतलं ८ लिटर अल्कोहोल? एकदम कायदेशीर! अर्थात, पिण्याजोगं नाही हं.

तेव्हा जुनी पेट्रोल एसयूव्ही काढून वीकेण्डला निघत असाल, तर दुर्बिणीआधी फ्युएल पाइप तपासा. जंगलात मेकॅनिक वाघापेक्षा दुर्मीळ!