आजीच्या खोलीचे तापमान

एप्रिल उजाडला की आमच्या भागातील वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर रोज एक आकडा ठळक अक्षरांत छापून येतो. आज अकोला ४३, उद्या चंद्रपूर ४४. पश्चिम विदर्भातील एका तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. तेथील बाकावर बसलेली वडीलधारी मंडळी हा आकडा काहीशा अभिमानाने एकमेकांना वाचून दाखवतात. उन्हाच्या बाबतीत आम्ही वैदर्भीय थोडे मानी आहोतच. मात्र त्या आकड्याविषयी एक गोष्ट मला नेहमी सांगावीशी वाटते. तो आकडा कोणाच्याही घरातला नसतो.

हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या भिंती असलेल्या पेटीत ठेवलेला असतो. पेटी मोकळ्या जागी, जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर उभी असते. ऊन थेट आत शिरू नये आणि वारा मात्र खेळता राहावा, अशी तिची रचना. ती थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याने केली. त्यांचा मूळ व्यवसाय दीपगृहे बांधण्याचा, आणि ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हे त्यांचे चिरंजीव. निरनिराळ्या गावांच्या हवेची तुलना करायची तर मोजणी अशी एकसारखीच हवी, यात शंका नाही. परंतु माझे रुग्ण त्या पेटीत राहत नाहीत. कोणी पत्र्याखाली झोपते, कोणी स्लॅबखाली, कोणी कवेलूच्या जुन्या घरात. त्यांच्या शरीराची गाठ पडते ती त्या त्या खोलीतल्या हवेशी, आणि ती हवा सहसा कोणी मोजत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावात ती मोजली गेली. मोजणारे होते सातवीतले विद्यार्थी.

येथील एका शाळेच्या विज्ञान शिक्षिकेने, सकाळची शाळा सुरू होताच, वर्गाला तीन आठवड्यांचे काम दिले. हवा, माती आणि उष्णता यांचे धडे वाचून झाले होते. आता त्याच गोष्टी आपल्या गावात मोजायच्या. पाच-पाच मुलांचा एक गट, प्रत्येक गटाला एक तापमापक आणि एक वही. पहाटे सहा, दुपारी दोन आणि रात्री दहा या तीन वेळांना नोंद. फळांच्या रिकाम्या पेट्यांच्या पट्ट्या तिरक्या ठोकून, त्यांना चुना फासून मुलांनी शाळेच्या आवारात स्वतःची हवामान-पेटीही उभी केली. ती किंचित कलली होती, पण काम चोख करीत होती.

त्या दिवसांत दोन मुले माझ्याकडे तापमापक मागायला आली. ताप मोजायचा तापमापक या कामाला का चालत नाही, हे त्यांना दाखवताना मलाच मजा वाटली. जुन्या काचेच्या तापमापकावर आकडे साधारण ३५ ते ४२ एवढेच असतात, आणि पारा झटका दिल्याशिवाय खाली उतरत नाही. आमच्या गावच्या दुपारपुढे तो पहिल्याच दिवशी हात टेकेल! या कामाला प्रयोगशाळेतला, लाल द्रवाचा तापमापक हवा. (जाता जाता सांगते, पाऱ्याचा तापमापक मुलांच्या हाती अशा कामासाठी कधीही देऊ नये. तो फुटला तर पारा जमिनीच्या फटींत जातो आणि त्याची वाफ आरोग्याला घातक असते.)

मुलांनी प्रथम जमीन मोजली. उघड्या काळ्या मातीच्या पृष्ठभागाने दुपारी दोन वाजता पंचावन्न अंश ओलांडले, त्याच वेळी दहा पावलांवरच्या कडुनिंबाखालची माती अडतीस अंशांवर होती. झाडाची सावली थंड असते हे कोणाला माहीत नाही? परंतु ती सतरा अंशांनी थंड असते, हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेले मूल त्या झाडाकडे पुन्हा पूर्वीसारखे पाहत नाही. मग ही मुले घरोघरच्या छपरांकडे वळली, आणि तेथून हा विषय माझ्या दवाखान्यात आला.

एप्रिलच्या मध्यास एका कुटुंबाने आपल्या पंचाहत्तर वर्षांच्या आजींना माझ्याकडे आणले. आठ-दहा दिवसांपासून संध्याकाळनंतर त्या असंबद्ध बोलत, रात्री उठताना तोल जाई, सकाळी मात्र पुष्कळ सावरलेल्या असत. “वय झालं आता, विस्मरण सुरू झालं असेल,” असे मुलगा खालच्या आवाजात म्हणाला. आजींना रक्तदाबासाठी दोन गोळ्या होत्या, त्यांपैकी एक लघवी वाढवणारी. सोबत सातवीतली नात होती आणि तिच्या हातात ती वही. मी आजींना तपासत असताना ती म्हणाली, “डॉक्टर, आजीच्या खोलीचं तापमान पाहायचं का?”

मी ते पाहिले. दुपारी दोनला अंगणातल्या सावलीत ४२, शेजारच्या पत्र्याच्या खोलीत ४६, आजींच्या नव्या स्लॅबच्या खोलीत ३९. येथपर्यंत सारे अपेक्षेप्रमाणे होते. रात्री दहाच्या नोंदी मात्र उलट्या होत्या. अंगण ३३, मागचे कवेलूचे घर ३४, पत्र्याची खोली ३५, आणि आजींची खोली ३८. सलग सहा रात्री हेच.

पत्रा पातळ असतो. तो झटकन तापतो आणि सूर्य मावळला की तेवढ्याच झटकन निवतो. सिमेंटचा जाड स्लॅब दिवसभर ऊन पोटात साठवतो आणि संध्याकाळपासून ते खाली, खोलीत सोडू लागतो. त्यातच त्या खोलीची एक भिंत पश्चिमेची होती. घरच्यांनी आजींना घरातली सर्वांत चांगली, नवी, पक्की खोली दिली होती. त्यांच्या प्रेमाविषयी मला तिळमात्र शंका नाही. दुपारी ती खोली खरोखरच सुसह्य असे, आणि दुपार टळली म्हणजे धोका टळला असेच आपण सारे मानतो.

आजींची जीभ कोरडी होती. आडवे असतानाचा आणि उभे राहिल्यानंतरचा रक्तदाब यांत मोठी तफावत होती. रक्तात सोडियम उतरलेले आढळले. उष्णता, कमी पाणी आणि लघवीची गोळी यांनी मिळून केलेला तो घोटाळा होता. मी औषधे बदलली, क्षारांची भरपाई केली, आणि त्यांची बाज त्याच दिवशी मागच्या कवेलूच्या घरात हलवायला सांगितली. आठवडाभरात आजी संध्याकाळीही सुसंगत बोलू लागल्या. विस्मरणाच्या तपासण्यांची गरज उरली नाही.

वृद्ध शरीराला उष्णता अधिक का बाधते, हे येथे थोडे विस्ताराने सांगायला हवे. वयाबरोबर घामाच्या ग्रंथींचे काम मंदावते. त्वचेकडे रक्त धाडून उष्णता बाहेर टाकण्याची हृदयाची क्षमता घटते. तहानेची जाणीवही बोथट होते. शरीराला पाणी हवे असते, पण घशाला ते कळत नाही. त्यात मूत्रल गोळ्या, मनोविकारांवरची काही औषधे, सर्दी-खाजेच्या काही जुन्या गोळ्या यांची भर पडते. यांतले कोणतेही औषध आपल्या मनाने बंद करू नये, मात्र उन्हाळा सुरू होताना आपल्या डॉक्टरांना ती सारी एकदा दाखवावीत. ज्यांना हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी बेताने पिण्यास सांगितले आहे, त्यांनी तर उन्हाळ्याचे प्रमाण विचारूनच घ्यावे. आणि दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री निवण्याची उसंत हवी असते. ती मिळाली नाही की दुसऱ्या दिवसाचे ऊन आदल्या दिवसाच्या थकव्यावर पडते. म्हणून रात्री दहाची नोंद मला दुपारच्या नोंदीइतकीच मोलाची वाटते.

त्या शिक्षिकेने वहीत एक जास्तीचा रकाना आखायला लावला होता, ‘आजी-आजोबा म्हणतात’. घरातल्या वडीलधाऱ्यांनी उन्हाळ्याविषयी जे सांगितले ते तेथे लिहायचे आणि शक्य असेल ते मोजून पाहायचे. संध्याकाळी अंगणात सडा घालावा, हे खरे ठरले. सडा घातलेले अंगण तासाभरात न घातलेल्यापेक्षा स्पष्टपणे थंड झाले. चुन्याने रंगवलेला डबा उन्हात काळ्या डब्यापेक्षा कमी तापतो, हेही. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, हे मात्र सिद्ध होईना. कांद्यासह आणि कांद्याविना ठेवलेल्या दोन तापमापकांनी अगदी सारखेच आकडे दाखवले. एका आजोबांना ते मुळीच रुचले नाही. तापमापकाला ऊन लागत नाही, माणसाला लागते, असा त्यांचा बिनतोड युक्तिवाद. ते अजूनही कांदा बाळगतात. कांद्याने काही बिघडत नाही, दुसऱ्या खिशात पाण्याची बाटली ठेवा, एवढीच माझी तडजोड.

मुलांचा सर्वांत सुंदर प्रयोग ओल्या तापमापकाचा. दोन सारखे तापमापक शेजारी टांगायचे. एकाच्या फुग्याभोवती मलमलीची चिंधी गुंडाळून तिचे टोक पाण्याच्या वाटीत सोडायचे. चिंधीतले पाणी वाफ होऊन उडताना उष्णता घेऊन जाते आणि तो तापमापक खाली उतरतो. आमच्या एप्रिलच्या कोरड्या हवेत दोहोंत पंधरा-वीस अंशांचे अंतर पडते. माठातले पाणी याच न्यायाने गार होते, वाळ्याच्या ताट्या आणि कूलर याच न्यायाने चालतात, आणि आपला घामही याच न्यायाने आपल्याला वाचवतो. हवा दमट झाली की अंतर आटते, कूलर निरुपयोगी होतो आणि आकडा ४३ वरून ३६ वर आला तरी जीव अधिक घाबरा होतो. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या नातलगांना हे सांगावे लागत नाही. आमच्याकडे मात्र ‘तापमान तर उतरलं, मग आजोबांना का बरं वाटत नाही?’ हा प्रश्न दर जूनमध्ये येतो, आणि आता त्याचे उत्तर सातवीतले मूल देऊ शकते.

पंख्याचेही असेच. खोलीतली हवा चाळीस अंशांच्या वर गेली की पंखा अंग थंड करण्याऐवजी तापवू लागतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना त्या तापमानाला पंख्यावर विसंबू नये असे सांगते. अशा वेळी अंग ओल्या फडक्याने पुसत राहणे किंवा थंड खोलीत जाणे हाच मार्ग. आणि कोणी ज्येष्ठ व्यक्ती उष्ण खोलीत बरळू लागली, अंग भाजत असेल, शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजून तत्काळ अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि रुग्णालय गाठावे. घाम येत आहे म्हणजे उष्माघात नाही, असे समजू नये. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

अहमदाबादने २०१० च्या भीषण उन्हाळ्यानंतर, २०१३ मध्ये, उष्णतेशी सामना करण्याचा शहरव्यापी आराखडा तयार केला. दक्षिण आशियातला तो पहिला. पुढे त्यात छपरे पांढरी करण्याचीही भर पडली. असे आराखडे हवेतच, आणि आता आपल्याकडील शहरांतही ते होत आहेत. पण आराखड्याला आजींची खोली कशी दिसणार? ती पाहायला घरातलेच कोणी लागते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला हे काम फार मनापासून करता येते, कारण आकडा टिपताना त्याला मोठ्यांसारखे काही आधीच ठाऊक नसते.

ज्यांच्या घरी या वयाची नातवंडे आहेत, त्यांनी शाळेने सांगण्याची वाट पाहू नये. भिंतीवर टांगण्याचा साधा तापमापक पुरतो. तो ज्येष्ठ व्यक्तीच्या उशाच्या उंचीवर, भिंतीपासून थोडा सुटा, ऊन आणि कूलरचा झोत दोन्ही टाळून टांगावा. दुपारी आणि रात्री, ठरलेल्या वेळी नोंद करावी. मुले शाळेत किंवा खेळायला गेली असतील तेव्हा आजोबांनी करावी. निवृत्त माणसाला दुपारी दोन वाजता निश्चित काम असणे हेही एक औषधच आहे. भर उन्हात मुलांना गच्चीवर चढवू नये, एवढे पथ्य पाळावे. डॉक्टरांकडे जाताना औषधांच्या पिशवीत ती वहीही टाकावी. मला तरी तिचा उपयोग होतो.

त्या आजींच्या घरी ते दोन तापमापक ओसरीवर तसेच राहिले. नात सुट्टीत मामाकडे गेली तेव्हा चिंधी ओली ठेवण्याचे काम आजींकडे आले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्या रक्तदाब तपासायला आल्या, तेव्हा आधी त्यांनीच मला वार्ता दिली. दोन्ही तापमापकांत आता जेमतेम सहा अंशांचे अंतर उरले होते, आणि कूलर झाकून ठेवायला त्यांनी मुलाला सांगितले होते.