नकाराचे पत्र फाडू नका

परदेशी शिकायला निघालेल्या मुलाला व्हिसा नाकारला की घरातली चूल थंड पडते. आमच्या पुतण्याचे तसेच झाले. ब्रिटनच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. वहिनींनी दागिने मोडले, आम्ही फंडातून उचल घेतली, आणि वर नकाराचे पत्र आले. एजंट म्हणाला, "पुन्हा फी भरा, नवा अर्ज टाका. आधीच्या नकाराचे लिहू नका."

आम्ही मात्र ओळखीच्या वकीलसाहेबांना घरी बोलावून ते इंग्रजी पत्र ओळ न् ओळ समजून घेतले. त्यातून जे कळले ते आपल्या घराघरांत माहीत असावे.

विद्यार्थी व्हिसाच्या नकारावर तिथे अपील नाही, पण फेरतपासणी मागता येते. अर्ज इथून केला असेल तर निर्णय मिळाल्यापासून २८ दिवसांत. फी ८० पौंड. पहिल्या अधिकाऱ्याची चूक झाली का, एवढेच दुसरा अधिकारी पाहतो. नवे कागद सहसा चालत नाहीत. मधेच नवा अर्ज टाकला तर फेरतपासणी रद्द होते. नवरा-बायकोच्या व्हिसाला मानवी हक्कांच्या आधारे न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. त्यालाही इथून २८ दिवसच. नातेवाइकांना भेटायला जाणाऱ्यांचा अपिलाचा हक्क मात्र २०१३ साली काढून घेतला गेला. त्यांना नवा अर्ज, नाहीतर कोर्टाची खर्चिक वाट.

पुतण्याचे पैसे खात्यात सलग २८ दिवस हवे होते. एजंटाने दिवस मोजलेच नव्हते. २६ भरले होते. निर्णय नियमाला धरून होता, तेव्हा फेरतपासणीत पैसे घालण्यात अर्थ नव्हता. आम्ही दिवस पूर्ण होऊ दिले आणि नवा अर्ज केला. आधीचा नकार त्यात स्पष्ट लिहिला, कारण लपवाछपवी फसवणूक ठरली तर १० वर्षांपर्यंत दार बंद होऊ शकते. सप्टेंबर हुकला, पण जानेवारीच्या तुकडीत पोरगा गेला.

म्हणून आयाबहिणींनो, बांधवांनो, पत्र आले की आधी त्यावरची तारीख लिहून ठेवा. मग कारण वाचा आणि आपल्या कागदांशी ताडून पाहा. चूक त्यांची असेल तर मुदतीत दाद मागा. आपल्या कागदांत असेल तर कागद पुरे करा. दोन्हीसाठी ते पत्र लागते.