तळचा खण

आमच्या कपाटाचे वरचे तीन कप्पे कोणाही पाहुण्यास, कोणत्याही वेळी, उघडून दाखविण्याची आमची तयारी आहे. तेथे इस्त्रीचे सदरे एकावर एक निजलेले आहेत, विजारींच्या घड्या मोडलेल्या नाहीत, आणि पदवीदान समारंभास घालावयाचा कोट डांबराच्या गोळ्यांच्या वासात आपल्या वार्षिक दर्शनाची वाट पाहत आहे. परंतु त्याच कपाटाचा तळचा खण आम्ही स्वतःदेखील कधी पुरता उघडीत नसू. रोज सकाळी स्नान आटोपले की तो चार बोटे ओढावयाचा, आत हात घालावयाचा, जे हातास लागेल ते बाहेर काढावयाचे आणि गुडघ्याने खण लोटून द्यावयाचा, असा आमचा अनेक वर्षांचा परिपाठ. ज्या वस्त्रांचा आमच्या देहाशी सर्वांत निकटचा संबंध, त्यांच्याकडेच आम्ही सर्वांत कमी पाहिले होते, ही गोष्ट ध्यानी यावयास आम्हांस पन्नाशी उलटावी लागली.

निमित्त झाले ते आमच्या कन्येचे. मारी कोंडो नावाच्या एका जपानी बाईंनी घर आवरण्यावर एक पुस्तक लिहिले आहे. त्याचे इंग्रजी भाषांतर २०१४ साली निघाले, आणि तेव्हापासून जगातील पुष्कळशा सुखवस्तू कुटुंबांत रविवारची दुपारची झोप धोक्यात आली आहे. बाईंचे सांगणे असे की, एका प्रकारच्या सर्व वस्तू एके ठिकाणी ओताव्या, एकेक हातात घ्यावी, आणि हिच्यामुळे आपणांस आनंद होतो काय, असे मनास विचारावे. होत असेल तर ठेवावी. नसेल तर तिचे आभार मानून तिला निरोप द्यावा. “बाबा, सर्वांत सोप्या खणापासून सुरुवात करा,” असे कन्या म्हणाली. तो खण सर्वांत अवघड निघेल, हे तिला तरी कोठून ठाऊक असणार!

आम्ही दार लावून घेतले आणि तळचा खण पलंगावर उपडा केला. मोजणी केली तेव्हा २३ बनियन आणि १९ चड्ड्या भरल्या. देह एक, आणि त्याच्या सेवेस बेचाळीस सेवक! त्या सेवकांचे तीन वर्ग सहज पडले. पहिला वर्ग जीर्णांचा: ९ बनियन व ८ चड्ड्या. ह्यांतील बनियनांस भोके होती असे म्हणण्यापेक्षा काही भोकांभोवती अद्याप थोडे बनियन उरले होते, असे म्हणणे अधिक सत्यास धरून होईल. दुसरा वर्ग नित्याच्या चाकरीतला: ५ बनियन व ६ चड्ड्या. तिसरा वर्ग राखीवांचा. ह्यांची घडी मोडलेली नव्हती, काहींवर दुकानाची चिठ्ठीही तशीच होती. हे ९ बनियन व ५ चड्ड्या. ह्या राखीव नऊ बनियनांपैकी सहा आमचे नव्हतेच. त्यांची हकीकत पुढे येईल.

प्रथम आम्ही जीर्णांच्या वर्गास हात घातला. त्यांतील एक बनियन दोन्ही हातांत धरून, तुझ्यामुळे आम्हांस आनंद होतो काय, असे विचारले. खिडकीतील उजेड त्यातून थेट आमच्या तोंडावर आला. हेच त्याचे उत्तर समजून आम्ही सर्व सतराजणांचे आभार मानले, त्यांना एका पिशवीत कोंबले, आणि अपरिग्रहाचे एक व्रत अर्ध्या तासात पार पडल्याच्या समाधानाने पिशवी घेऊन दाराकडे निघालो.

वाटेत गृहिणी भेटल्या. “अहो, हे कुठे टाकणार?”

“कचऱ्यात.”

“म्हणजे कुठे?”

तीस वर्षे विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरे देण्यात गेली, पण ह्या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. जुन्या साड्या, सदरे बोहारीण घेऊन जाते आणि बदल्यात एखादे पातेले देते. परंतु ह्या वस्त्रांस ती शिवतही नाही. दान म्हणून कोणास द्यावीत, तर देणाऱ्यास लाज आणि घेणाऱ्याचा अपमान. राहता राहिला गावाबाहेरचा कचऱ्याचा डोंगर. त्या डोंगरावर निव्वळ सूत असेल तर ते कालांतराने कुजून मातीस मिळते. परंतु आमच्या चड्ड्यांच्या कमरेस जो पट्टा आहे तो रबराचा आणि कृत्रिम धाग्याचा, आणि तो आमच्यानंतरही दीर्घकाळ टिकणार!

पिशवी परत आणून आम्ही त्या आठ चड्ड्या पुन्हा पाहिल्या, आणि एक चमत्कारिक गोष्ट दृष्टीस पडली. आठांपैकी पाचांचे कापड धडधाकट होते. मेले होते ते केवळ इलॅस्टिक. आमच्या लहानपणी पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाच्या चड्ड्या शिंप्याकडून शिवून येत आणि त्यांत नाडी असे. नाडी तुटली की आई सेफ्टी पिनेच्या टोकास नवी नाडी अडकवून ती ओवून देई आणि चड्डीस दुसरा जन्म मिळे. तीच चड्डी पुढे धाकट्या भावास जाई, व अखेर स्वयंपाकघरात तिचे फडके होई. तिकडे १९५८ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या जोसेफ शिव्हर्स ह्या रसायनशास्त्रज्ञाने स्पॅन्डेक्स हा ताणला जाणारा धागा शोधून काढला. सोय झाली, ह्यात शंका नाही. नाडीची गाठ बसून रडकुंडीस आलेल्या कोणाही बालकास ती मान्य होईल. परंतु सोयीबरोबर एक नियमही आला. वस्त्राचे आयुष्य आता त्याच्या बळकट भागावर नव्हे, तर सर्वांत दुबळ्या भागावर ठरू लागले. आणि त्या दुबळ्या भागासही आम्ही लवकर मारतो. कढत पाणी, कडक ऊन आणि पांढरेपणासाठी वापरावयाची क्लोरीनची पूड, ही तिन्ही इलॅस्टिकची शत्रू होत.

ह्या वस्त्रांचा जन्मही काही फुकटचा नसतो. सुती टीशर्टएवढ्या एका कपड्यामागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागते, असा वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाचा अंदाज आहे. आपल्याकडील बनियन बहुधा तमिळनाडूतील तिरुप्पूर गावाहून येतात. तेथील रंगकामाच्या सांडपाण्याने नोय्यल नदीची अशी दशा झाली की, जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयास ते कारखाने बंद करण्याचा हुकूम द्यावा लागला. पुढे सांडपाणी बाहेर न सोडण्याच्या अटीवर कारखाने चालू झाले. हे सर्व ठाऊक असता, सतरा वस्त्रे टाकून जागा मोकळी करावी आणि मोकळी जागा दिसली म्हणून नवी सतरा आणावीत, ह्यास अपरिग्रह कसे म्हणावे?

विनयपिटकातील चुल्लवग्गात ह्याच विषयावरील एक संवाद आहे. बौद्ध भिक्षूस चीवरे तीनच, आणि त्यांतील आतल्या वस्त्राचे नावच अंतर्वासक. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी आनंदास पाचशे चीवरे दिली, तेव्हा राजास शंका आली की हा भिक्षू आता दुकान मांडणार की काय! त्याने आनंदास विचारले. आनंद म्हणाला, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ही वाटू. मग जीर्णांचे काय? त्यांची आच्छादने करू. ती जुनी झाली म्हणजे? मग गादीच्या खोळी, मग जमिनीवर अंथरावयास, मग पायपुसणी, मग झाडावयाची फडकी. आणि फडकीही विरली म्हणजे ती कुटून, मातीत कालवून, त्या मातीने जमीन लिंपू. राजा संतुष्ट झाला व त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. आमच्या आजीने चुल्लवग्गाचे नावही ऐकले नव्हते. परंतु लुगड्याची गोधडी, गोधडीचे पायपुसणे आणि चिंधीची काकडवात हा तिचा क्रम ह्याहून निराळा नव्हता.

आता त्या सहा बनियनांविषयी. ते आमच्या वडिलांचे. अण्णा त्यांस बनियन म्हणत नसत, गंजीफ्रॉक म्हणत. इंग्लिश खाडीतील गर्न्सी बेटावरच्या नावाड्यांचा विणलेला अंगरखा आपल्याकडे येता येता गंजी झाला. आणि आपल्याकडील वाण्याचे नाव साहेबाच्या तोंडी जाऊन, कपड्यास चिकटून, बनियन होऊन परत आले. अण्णा गर्न्सीच्या बाजूचे होते. त्यांच्या अंगावर नेहमी विरलेला, खांद्यापाशी उसवलेला गंजीफ्रॉक असे आणि नवे ट्रंकेत असत. “घरात कोण बघतंय?” हे त्यांचे ठरलेले वाक्य.

२००९ सालच्या पावसाळ्यात एका रात्री त्यांच्या छातीत कळ आली. आम्ही रिक्षा आणली. अण्णा उठून बसले आणि आईस म्हणाले, “ट्रंकेतला नवा गंजीफ्रॉक काढ.” आई किल्ली शोधू लागली. “अण्णा, आता ते राहू द्या,” असे म्हणून आम्ही त्यांस तसेच नेले. आम्ही केले ते योग्यच होते. परंतु रुग्णालयात परिचारिकेने छातीवर तारा लावण्यासाठी तो गंजीफ्रॉक कात्रीने उभा कापला, तेव्हा त्या वेदनेतही अण्णांचा डावा हात खांद्यावरचे भोक झाकावयास गेला. तिसऱ्या दिवशी अण्णा गेले. पुढे ट्रंक उघडली तेव्हा कागदात गुंडाळलेले सहा गंजीफ्रॉक निघाले. ते आम्ही आमच्या खणाच्या तळाशी ठेवले आणि त्यांवर आमचे जुने व नवे रचीत गेलो.

त्या रविवारी पलंगावर आमचे तीन राखीव बनियन अण्णांच्या सहांशेजारी पडले होते, आणि त्यांत काही फरक करता येईना. अण्णांविषयी हळहळत आम्ही इतकी वर्षे अण्णांचेच करीत आलो होतो. जीर्ण वस्त्र घरच्यांसाठी, नवे परक्यांसाठी. आणि तो परका केव्हा भेटणार, तर बहुधा रुग्णालयात!

मग आम्ही निर्णय केला. नोकरीच्या आरंभी रत्नागिरीस असताना आषाढात चार चार दिवस कपडे वाळत नसत, तेव्हा दहा नगांत आमचे सुखाने भागे. म्हणून दहा ही कायमची मर्यादा ठरविली. चौदा बनियन व अकरा चड्ड्या ठेवल्या. दहाच्या खाली संख्या उतरेपर्यंत नवे घ्यावयाचे नाही. राखीव हा वर्गच मोडला. धडक्या पाच चड्ड्यांचे इलॅस्टिक काढून गृहिणींनी त्यांत नाडी ओवली; त्या आता घरी रात्री वापरावयास आहेत. काढलेल्या पट्ट्यांनी माळ्यावरील जुन्या मासिकांचे गठ्ठे बांधले. नऊ बनियनांची फडकी झाली, आणि पंखा व चष्मा पुसण्यास जुन्या बनियनासारखे दुसरे कापड नाही, हा शोध आम्हांस उशिरा लागला.

सोमवारी सकाळी आम्ही खण पुरता उघडला आणि अण्णांच्या सहांपैकी एक अंगात घातला. घडीच्या रेषांवर तो पिवळा पडला होता. माप मात्र बरोबर आले. वरून सदरा चढवून वर्गावर गेलो. संध्याकाळी तो धुऊन, उलटा करून, सावलीत दोरीवर टाकला.