मनीचे बिऱ्हाड

टोकियोला दोन वर्षांची नेमणूक झाली. आमचे व्हिसा मिळाले. घोडे अडले ते मनीपाशी! मांजर भारतातून जपानात न्यायचे तर आधी मायक्रोचिप, मग रेबीजच्या दोन लसी, मग रक्ततपासणी आणि रक्त घेतल्यापासून १८० दिवसांची प्रतीक्षा. आमच्या हाती होते ४० दिवस.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "कुत्रं माणसाचं, मांजर घराचं. तिला हलवू नका. किल्ली माझ्याकडे द्या." खाण्याचे पैसे, लशींची वही आणि मनीच्या खोडींची यादी त्यांच्या हवाली करून आम्ही दादर सोडले.

परवा टोकियोतल्या गोतोकुजी मंदिरात गेलो. मंदिरातल्या मांजराने पंजा हलवून बोलावले म्हणून सरदार इइ नाओताका वादळातून बचावला, अशी इथली आख्यायिका. उजवा पंजा उंचावलेल्या, भाविकांनी वाहिलेल्या पांढऱ्या मांजरांच्या मूर्ती तिथे दाटीने बसल्या आहेत. सौ. हळूच म्हणाली, "सगळी बोलावताहेत हो!"

रात्री काकूंना व्हिडिओ कॉल लावला. "मने!" मी हाक मारली. तिने कान टवकारले, इकडेतिकडे पाहिले आणि काकूंच्या मांडीत पुन्हा मुटकुळे केले.

"हल्ली तुमच्या घरात पाऊलच टाकत नाही," काकू चाचरत म्हणाल्या. "इथंच झोपते."

म्हणजे मांजर घराचेही नव्हते तर! घशात आवंढा दाटला. पण त्या रात्री झोप मात्र निवांत लागली. परतल्यावर काकूंकडून किल्ली तेवढी मागून घ्यायची. मनीचे मनीने ठरवावे.