हाक मारलेला देव

वसईतल्या माणिकपूरच्या आमच्या ख्रिस्ती घरांत हल्ली नातवंडं रात्रीची प्रार्थना इंग्रजीतून करतात. 'गॉड' ऐकला की वडीलधाऱ्यांना तो शब्द परका वाटतो. त्यांची खंत मला कळते. घरातली मराठी प्रार्थना हरवली तर फार मोठं काही हरवेल. पण तो शब्द वाटतो तितका परका नाही.

इंग्रजीत गॉड, जर्मनमध्ये गॉट, स्वीडिशमध्ये गूद: जर्मानिक कुळातल्या भाषांचा हा सामाईक ठेवा. 'चांगला' या अर्थाच्या 'गुड'शी त्याचं नातं नाही. भाषाभ्यासक त्याची दोन मुळं सांगतात. एक संस्कृत 'हू'च्या नात्यातलं, म्हणजे ज्याला हाक मारली तो. ऋग्वेदात इंद्राला 'पुरुहूत' म्हणतात, पुष्कळांनी बोलावलेला. दुसरं 'हु'च्या नात्यातलं, म्हणजे ज्याला आहुती ओतली तो. वाद मिटलेला नाही. मला पहिला अर्थ जवळचा वाटतो, कारण प्रार्थना ही आधी हाकच असते.

हा शब्द ख्रिस्ती धर्माहून जुना आहे. मुळात तो नपुंसकलिंगी होता, जुन्या दैवतांसाठी वापरला जाई. चौथ्या शतकात बिशप वुल्फिलाने गॉथिक भाषेत बायबल आणलं, तेव्हा लोकांच्या तोंडचा हाच शब्द त्याने ख्रिस्ताच्या पित्यासाठी घेतला. त्या भाषांतराची जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या शाईने लिहिलेली सहाव्या शतकातली प्रत स्वीडनमध्ये उप्सालाच्या विद्यापीठात आहे.

आपल्याकडेही तेच घडलं. गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १५८३ च्या पत्रात इथल्या भाषांचं ग्रीक-लॅटिनशी साम्य नोंदवलं, आणि १६१६ च्या 'क्रिस्तपुराणा'त 'परमेश्वर', 'वैकुंठ' हे इथलेच शब्द निःशंकपणे वापरले. वसईत पोर्तुगीज १५३४ ते १७३९ होते. उपासनेसाठीचा त्यांचा 'मिस्सा' हा शब्द आमच्या बोलीत राहिला, पण देवासाठी त्यांचा 'देऊश' रुजला नाही. आम्ही 'देव'च म्हणत राहिलो. दोन्ही शब्द एकाच मुळाचे, तेजाशी जोडलेले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर वेदीवरची लॅटिन जाऊन मराठी आली, तेव्हा देवासाठी नवा शब्द शोधावा लागला नाही.

म्हणून आजी-आजोबांना विनंती आहे. नातवाला 'गॉड' म्हणू द्या, त्या शब्दाचं आपल्या 'आहुती'शी, 'आह्वाना'शी सांगितलं जाणारं नातं त्याला समजावून द्या, आणि त्याच रात्री त्याच्याकडून एक प्रार्थना मराठीतून म्हणवून घ्या.