ब्रेक आधी, वळण नंतर

भाऊबीजेला दरवर्षी मी बहिणीकडे फर्दापूरला जातो. यंदा ओवाळून झाल्यावर ताटात पाकीट ठेवले, तर बहिणीने ते माझ्याकडेच सरकवले. म्हणाली, "दादा, ओवाळणी राहू दे. तुझ्या भाच्याला तेवढं समजाव. दोन दिवस झाले, धड जेवत नाही."

प्रकरण मोटारसायकलचे होते. कापसाची पहिली वेचणी विकली गेली होती, घरात चार पैसे आले होते आणि भाच्याने गाडीचा हट्ट धरला होता. वय साडेसतरा, बारावीचे वर्ष. दाजींचे म्हणणे, घेऊन टाकू. सोयगावला जायला-यायला बरी पडेल, शेतावरही कामाला येईल. बहिणीचे म्हणणे, पोरगा सारा दिवस मोबाईलवर गाड्या पळवतो. तशीच घाटात पळवली तर?

तिची भीती काही वेडगळ नव्हती. फर्दापूर अजिंठ्याच्या घाटाच्या पायथ्याशी आहे. सिल्लोडकडून येणारा रस्ता अजिंठा गाव ओलांडले की वळणे घेत खाली उतरतो आणि फर्दापूरवरून जळगावकडे जातो. लेणी पाहायला येणारे पाहुणे, एस. टी. गाड्या, केळीचे ट्रक, मक्याची पोती भरलेले टेम्पो, आपल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर, सगळ्यांना रस्ता तो एकच.

"समजावतो," म्हणालो खरा. पण लगेच उठून भाषण द्यायला गेलो नाही. शेतीच्या विस्ताराची नोकरी करताना मी एक गोष्ट शिकलो आहे. बांधावर गेल्या गेल्या आपण बोलायला लागलो, की शेतकरी मान डोलावतो आणि आपण वळलो की त्याला करायचे तेच करतो. त्यापेक्षा आधी त्याला विचारावे, 'हे वाण तुला का आवडलं? कुठं कमी पडलं?' मग तो बोलू लागतो, आणि त्याला काय कळले आहे आणि काय राहिले आहे, ते आपल्याला कळते. म्हटले, पोरांनाही असेच विचारून पाहू.

संध्याकाळी ओट्यावर भाचा आणि त्याचे तीन-चार मित्र बसले होते. माना खाली, मोबाईल हातात. मी शेजारी बसलो आणि विचारले, "काय रे, गाडीची कोणती गेम चांगली? आणि का चांगली?"

आधी त्यांना वाटले, मामा पेचात धरतोय. पण मी नुसताच ऐकत बसलो, तेव्हा सगळे एकदमच बोलू लागले.

शेजारचा नऊ वर्षांचा पोरगा म्हणाला, 'इंडियन बाइक्स ड्रायव्हिंग ३डी' सगळ्यात भारी. का? तर त्या खेळात एक फोन आहे. त्यावर ठराविक आकडे दाबले, की आपल्याकडच्या रस्त्यावर दिसतात तसली गाडी समोर येऊन उभी राहते. ना कर्ज, ना हप्ता. दाजी आतून म्हणाले, "असा एखादा नंबर मलाही द्या रे." सगळे हसले आणि ओट्यावरचा अवघडलेपणा गेला.

दुसऱ्याने 'ट्रॅफिक रायडर' दाखवला. हा तुर्कस्तानात तयार झालेला खेळ. हँडल धरून आपणच गाडीवर बसलो आहोत असा देखावा समोर दिसतो. त्याचे नियम पोराने घडाघडा सांगितले. जितका वेग जास्त तितके गुण जास्त. ताशी १०० किलोमीटरच्या वर असताना पुढच्या गाडीला अगदी चिकटून पुढे गेले की जादा गुण. दुहेरी रस्त्यावर उलट्या बाजूने चालवली की आणखी गुण. पुढचे चाक उचलले तरी गुण!

ऐकून माझ्या पोटात गोळा आला. रस्त्यावर जीव जाण्याची जी कारणे, त्यांनाच तिथे बक्षीस. आता बोलावेच असे वाटले, पण तेवढ्यात भाचाच म्हणाला, "मामा, ती नुसती टाइमपास आहे. रस्ता सरळच्या सरळ, आणि गाडी वळत नाही, फक्त डावी-उजवी सरकते. खरी गाडी अशी नसते."

मी गप्प बसलो ते बरे झाले. माझे वाक्य त्याने आधीच बोलून टाकले होते, आणि त्याच्या तोंडून ते मित्रांनीही ऐकले.

मग मीही एक कबुली दिली. संगणक नवेनवे आले, तेव्हा आम्हीही कामाची वेळ संपल्यावर 'रोड रॅश' खेळत असू. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या अमेरिकन कंपनीचा तो खेळ १९९१ साली निघाला आणि पुढे संगणकावर आला. त्यात शर्यत लावता लावता शेजारच्या स्वाराला लाथ मारायची, दांडका हाणायचा आणि मागून पोलीस आला की पळायचे. "मामा, तुम्ही?" म्हणून पोरे लोटपोट झाली. आमच्या तरुणपणी शंकरपट बघायला आम्ही कोसभर चालत जायचो, तेही वेगाच्या ओढीनेच. वेगाची हौस काही मोबाईलने आणलेली नाही.

त्यांच्यातल्या एकाचा मोठा भाऊ वाळूजच्या कारखान्यात आहे. दिवाळीला तो लॅपटॉप घेऊन आला होता, आणि त्यावर 'मोटोजीपी' होता. जगातली मोटारसायकलची सर्वांत मोठी शर्यत ती मोटोजीपी. तिचा हा खेळ इटलीतल्या मिलान शहरातली माइलस्टोन नावाची कंपनी तयार करते. खरे स्वार, खऱ्या गाड्या आणि खरे शर्यतीचे रस्ते त्यात जसेच्या तसे असतात. २४ सप्टेंबर २०२३ रोजी ही शर्यत दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला झाली होती. त्या दिवशी ऊन इतके होते, की २४ फेऱ्यांची शर्यत २१ फेऱ्यांवर आणावी लागली. इटलीच्या मार्को बेझेक्कीने ती जिंकली. ही सगळी माहिती मला त्या ओट्यावर मिळाली.

या खेळाबद्दल मात्र पोरांत दोन तट पडले. एकाचे मत, फार अवघड. दोन दिवसांत सोडून दिली, सारखे पडायलाच होते. दुसऱ्याचे मत, अवघड आहे म्हणूनच खरी. त्याने कारणे मोजून दाखवली. पुढचा ब्रेक वेगळा, मागचा वेगळा. टायर थंड असताना गाडी घसरते. वळणात शिरल्यावर पुढचा ब्रेक करकचून दाबला की माणूस खाली. नवशिक्यांसाठी दोन्ही ब्रेक एकदम लागण्याची सोय आहे, पण हात बसला की ती काढून टाकायची.

मलाही खेळायला बसवले. पहिल्याच वळणावर पडलो. पुन्हा तेच. चौथ्यांदा पडलो तेव्हा तो नऊ वर्षांचा पोरगा कळवळून म्हणाला, "काका, ब्रेक आधी, वळण नंतर!"

हे वाक्य ऐकले आणि माझा हात आपोआप डाव्या गुडघ्याकडे गेला. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. पहिलाच पाऊस पडून गेला होता आणि मी हाच घाट उतरत होतो. वळणाच्या मध्यावर पुढ्यात म्हैस दिसली. घाबरून पुढचा ब्रेक सगळा दाबला आणि गाडी अंगाखालून निघून गेली. गुडघ्याला टाके पडले. हेल्मेट होते, पण हँडलला अडकवलेले. डोके दगडावर आपटले नाही, ते केवळ नशीब. गाडी थांबवताना भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून पुढचा ब्रेक जास्त काम करतो. पण गाडी कललेली असताना तोच चाक निसटवतो. हे मी कातडी देऊन शिकलो. या पोराला ते ओट्यावर बसून ठाऊक होते.

मग खेळात पडल्यावर काय होते, असे मी विचारले. भाच्याने एक बटण दाबले. पडलेली गाडी उलटी मागे सरकत गेली आणि वळणाच्या अलीकडे नीट उभी राहिली. या सोयीला ते 'रिवाइंड' म्हणतात. यावरही दोन मते निघाली. एक म्हणाला, ही सोय नसती तर कुणी खेळलेच नसते. भाचा म्हणाला, "मी नाही वापरत. मागं घेता येतंय म्हटलं की माणूस ब्रेकच नीट मारत नाही."

मी त्या वाक्यावर काहीच जोडले नाही. वही काढून फक्त हिशेब मांडला. गाडी ताशी ६० च्या वेगात असली तर एका सेकंदात ती सुमारे १७ मीटर जाते. डोळ्याला धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत तो सेकंद निघून जातो. त्यापुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी २०-२५ मीटर लागतात. म्हणजे झाले ४० मीटर, एकशे तीस फूट. कापसाच्या ओळी चार-चार फुटांवर असतील तर तेहतीस ओळी! त्यातल्या चौदा ओळी ब्रेक लागायच्या आधीच मागे पडतात. आणि वेग दुप्पट केला, की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. "तेहतीस ओळी?" म्हणत भाच्याने समोरच्या अंधारात वावराकडे पाहिले. मोबाईलमधले मीटर त्याला माहीत होते. पण ओळी त्याने वेचल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला माझ्या गाडीवर मागे बसवले. लॅपटॉपवाल्या भावाचे हेल्मेट मागून घेतले आणि त्याच्या हनुवटीखाली पट्टा लावला. अट एकच घातली. घाट चढताना आणि उतरताना, तो गाडी चालवत असता तर ब्रेक कुठे मारला असता, ते त्याने मोठ्याने सांगायचे. चढताना तो खुशीत होता. उतरताना त्याचा आवाज बदलत गेला. वळणावर खडी सांडलेली होती. एका जागी ट्रकमधून गळलेले तेल होते. "इथं आधीच मारला असता. इथंही आधी." एका वळणापलीकडे कापसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. चालकाने मागे रस्त्यावर चार मोठे दगड मांडून ठेवले होते. मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही. दिवस होता म्हणून दिसली.

पोरगा बराच वेळ बोलला नाही. पायथ्याशी आल्यावर म्हणाला, "मामा, असली ट्रॉली कोणत्याच गेममध्ये नसते." आणि थोड्या वेळाने, "आपल्या ट्रॉलीलाही मागं काही नाही."

आतापर्यंत आम्ही मोठी माणसे पोरांच्या मोबाईलला बोल लावत होतो. रात्री बिनदिव्याची ट्रॉली रस्त्यावर उभी करणारे, पंक्चर काढून झाल्यावर दगड तिथेच टाकून जाणारे, तेही आपणच. आपला पोरगा कितीही जपून चालवो, दुसऱ्याच्या बांधावरून आलेली ट्रॉली त्याच्या वाटेत असते; आणि आपली ट्रॉली दुसऱ्याच्या पोराच्या.

घरी बैठक बसली. दाजी म्हणाले, "गाडी घेऊ, सहा महिन्यांनी लायसन काढू. गावात कोण पकडतं?" मी त्यांना कायदा सांगितला. गिअरच्या गाडीचा परवाना १८ वर्षे पूर्ण झाल्यावरच निघतो. २०१९ च्या दुरुस्तीपासून अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. दाजी गप्प झाले. पण निकाल लावला तो भाच्यानेच. म्हणाला, "बारावी होऊ द्या. लायसन काढतो, मग गाडी. पण आज ट्रॉलीला पट्ट्या लावायच्या."

गाडी घेताना काय पाहायचे, तेही त्यालाच सांगता आले. १२५ सी.सी.च्या वरच्या नव्या गाड्यांना चाक अडकू न देणारा एबीएस ब्रेक असतो, त्याखालच्या गाड्यांना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची सोय असते. २०१९ पासून ते बंधनकारक आहे. "म्हणजे गेममधल्या नवशिक्यांच्या सोयीसारखं," तो म्हणाला. "खऱ्या गाडीत ती काढायची नाही," मी म्हणालो.

दुपारी बाप-लेक ट्रॉलीच्या मागे उकिडवे बसून लाल चकाकणाऱ्या पट्ट्या चिकटवत होते. मी निघताना ते पाकीट पुन्हा ताटात ठेवले. बहिणीने ते उचलून भाच्याच्या हातात दिले.

"हेल्मेटला ठेव," ती म्हणाली. "आय.एस.आय. शिक्का असलेलंच घे. आणि हँडलला अडकवायचं नाही, मामासारखं."