गुंड्या

गेल्या पावसाळ्यांत अंगणांत पाय घसरून आमचा उजवा हात मोडला आणि सहा आठवडे तो प्लास्टरांत अडकून पडला. सदऱ्याच्या गुंड्या लावावयाच्या, त्याहि दुसऱ्यानें! जन्मांत कोणाचा पैसा अंगावर ठेवला नाहीं, याचा आम्हांस कोण अभिमान; तेव्हां हें ऋण फार जड गेलें. दार लावून डाव्या हातानें अर्धा अर्धा तास झगडत असूं, पण सूनबाईंना हांक मारीत नसूं.

आमचा तीन वर्षांचा नातू मात्र रोज सकाळीं आईसमोर हनुवटी वर करून उभा राही. गुंड्या लागत, तोंवर त्याची बडबड चालूच. उपकाराची लाज नाहीं, फेडीची चिंता नाहीं.

स्वर्गाच्या राज्यांत थोर कोण, असें शिष्यांनीं विचारतां प्रभूनें एक बालक त्यांच्यामध्यें उभें केलें, ही मत्तयाच्या १८ व्या अध्यायांतील गोष्ट आम्हीं अनेक वेळां वाचली होती. त्या बालकाचा गुण म्हणजे निष्पापपणा, असें आम्ही समजत आलों. पण ज्यानें घरांत मूल वाढतांना पाहिलें आहे, तो असें कसें म्हणेल? मुलाजवळ दाखविण्यासारखी कमाई नसते आणि घेतांना त्याला संकोच वाटत नाहीं, हेंच त्याचें थोरपण. आमची प्रार्थना मात्र जमाखर्चाची वही झाली होती: इतक्या उपासना, इतकें दान.

फ्रान्समधील लिझ्यूच्या मठांतील संत तेरेझा (१८७३–१८९७) हिनें हें फार लवकर ओळखलें. श्रीमंतांच्या घरीं तेव्हां लिफ्ट नव्यानें आली होती. पूर्णत्वाचा जिना चढण्याचें बळ आपल्यांत नाहीं, येशूचे बाहू हीच आपली लिफ्ट, असें तिनें आत्मचरित्रांत लिहिलें. हा आळस नव्हे काय, असें कोणी विचारील. १८९६ च्या ईस्टरच्या सुमारास तिचा क्षय उघड झाला, आणि स्वर्ग आहे ही जाणीवहि अंधारांत बुडाली. तरी शक्ति होती तोंवर तिनें नेमून दिलेलीं कामें सोडलीं नाहींत, आणि धरलेला हातहि सोडला नाहीं. दिवा विझल्यावरहि हात न सोडणें, याला आळस कोण म्हणेल?

आम्हांस अजून अंधाराची परीक्षा आलेली नाहीं. गुंड्यांचीच आली, आणि तींतहि आम्ही पंधरा दिवस नापास होत होतों. सोळाव्या दिवशीं सकाळीं नातवाच्या मागें जाऊन उभे राहिलों आणि हनुवटी वर केली. सूनबाई हंसल्या नाहींत. त्या रात्रीं प्रार्थनेस बसलों, तेव्हां वही उघडावी असें वाटलें नाहीं.